दोन ग्रॅम मीठ

शाळेच्या ऑफिसात बावीस वर्षं काढली की माणसं तक्त्यातल्या ओळींसारखी दिसू लागतात. पाचवीच्या सरांच्या नावापुढे माझ्या तक्त्यात एकच उणीव होती. ते उत्तर सांगत नसत.

मुलांना त्यांच्या अनुभवातून त्यांचं ज्ञान रचू द्यावं, हे प्रशिक्षणात सगळ्याच शिक्षकांना शिकवतात. सगळे प्रमाणपत्र घेतात आणि दुसऱ्या दिवसापासून फळ्यावर उत्तरं लिहून देतात. या एकट्या गृहस्थांनी ते मनावर घेतलं. पाण्यात मीठ विरघळलं की वजनाचं काय होतं, एवढ्यावर वर्ग नऊ दिवस अडला होता. अडतीसपैकी सव्वीस मुलं म्हणत होती, मीठ संपलं. सात म्हणत होती, हलकं झालं. पाच जणांनी मत राखून ठेवलं होतं. ती पुढे साहेब होतील.

बुधवारी मुख्याध्यापक बाईंनी सरांना ऑफिसात बोलावलं.

"उद्या तपासणी. यंदाही 'पाठ अपूर्ण' शेरा आला तर पाचवी तुमच्याकडून काढून घ्यायची, असं वरून आलंय."

"दोन दिवस द्या बाई. मुलं अगदी जवळ आलीत."

"कशाच्या जवळ? उत्तर पुस्तकात छापलंय. आज सांगून टाका, उद्या शोधू द्या त्यांना."

मी हसू दाबलं. सरांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "भाऊ, तुमचं काय म्हणणं?"

"माझं काम शिक्के मारायचं. पण पाचवी गेली तर तुम्हाला भांडार देतील सर. तिथे पोरं नसतात."

सर उठून वर्गात गेले. हजेरीपट आणायला मी मागोमाग गेलो, म्हणून पुढचं दारातून ऐकलं.

"वजन तेवढंच राहतं. लिहून घ्या."

एकाही मुलाने पेन उचललं नाही. शिंप्याची धाकटी उभी राहिली. "सर, तुम्ही मोजलंत?"

"पुस्तकात आहे."

"आम्ही काल मोजलं तर दोन ग्रॅम कमी भरलं. आणि तुम्हीच म्हणता ना, कुणी सांगितलं म्हणून मानायचं नाही."

"अगं, मी सांगतोय."

"म्हणजे तुमचंही नाही," तिने समजूत घातली. कोणी हसलं नाही. वर्गाला ते बरोबरच वाटत होतं. आठ महिन्यांत सरांनी एकच गोष्ट पक्की शिकवली होती, आणि ती नेमकी आज त्यांच्या अंगावर आली.

गुरुवारी तपासणीचे साहेब आले. त्यांनी मिठाचंच विचारलं. धाकटी म्हणाली, "सर म्हणतात तेवढंच राहतं. आमचं दोन ग्रॅम कमी भरलं. चमच्याला लागून बाहेर आलं असेल. आज चमच्यासकट मोजणार आहोत."

"मग मी उत्तर काय लिहू?"

"थांबा ना. वीस मिनिटं लागतील."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. फॉर्मवर दोनच चौकोन होते, पूर्ण आणि अपूर्ण. त्यांनी दुसऱ्यात खूण केली. सर फळ्याला टेकून उभे होते. जाताना साहेब म्हणाले, "पद्धत उत्तम आहे हां. आमच्या परिपत्रकातही हीच आहे."

सोमवारपासून सर भांडारात गेले. पाचवीला नव्या बाई आल्या. त्यांनी पहिल्याच तासाला उत्तर लिहून दिलं. चाचणीत अडतीसपैकी अडतीस बरोबर. गुण मीच चढवले.

पुढच्या आठवड्यात धाकटी वजनकाटा घेऊन ऑफिसात आली. "ऑफिसकाका, बाईंनी हा जमा करायला सांगितलाय."

"चमच्यासकट मोजलंस का गं शेवटी?"

"नाही."

"का?"

"उत्तर दिलंय ना बाईंनी. आता कशाला मोजायचं?" काटा टेबलावर ठेवून ती निघून गेली.

भांडार ऑफिसला लागूनच. आतून खडूचे खोके रचल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"भाऊ, कोण आलं होतं? आमच्या वर्गातलं कोणी का?"

"नाही सर," मी म्हटलं. "कोणी नाही."