एका कोयत्याची गोळी

प्रत्येक माणसाचे मन वेगळे असते, म्हणून प्रत्येकाचा उपचारही वेगळा असला पाहिजे, हे वाक्य वनमालाबाईंनी समुपदेशनाच्या प्रशिक्षणात वहीत दोनदा अधोरेखित केले होते. तालुक्याच्या ज्या दवाखान्यात त्या समुपदेशक आहेत, तिथे मनाचे डॉक्टर बीडहून पंधरा दिवसांतून एकदा, मंगळवारी येतात. दुपारी एकपर्यंत साठ मने होतात. कपाटात गोळ्या तीन प्रकारच्या असतात.

तरी ऊसतोड करणाऱ्या छबुबाईंच्या बाबतीत ते वाक्य खरे ठरले होते. नारायणगडाला नवस-अंगारा करून झाल्यावर त्या इथे आल्या. पहिल्या गोळीने दिवसभर गुंगी यायची. ऊस तोडताना पेंगणाऱ्या बाईच्या हातात कोयता असतो, हे वनमालाबाईंनी डॉक्टरांना समजावून सांगितले. दुसऱ्या गोळीने जेवण गेले. तिसरी लागू पडली. ती घ्यायची वेळसुद्धा घड्याळाची नव्हे, फडाची ठरली : उसाची गाडी भरून झाल्यावर. छबुबाई पुन्हा भाकरी थापू लागल्या, शेजारणीशी भांडू लागल्या. भांडण ही सुधारणा म्हणून कार्डावर नोंदवले गेले. दसऱ्यानंतर त्या नवऱ्याबरोबर, शहादेवबरोबर, कर्नाटकात तोडीला निघाल्या, तेव्हा वनमालाबाईंनी चार जणांच्या सह्या आणून त्यांना हंगामभराच्या गोळ्या मिळवून दिल्या.

चैत्रात छबुबाई परत आल्या त्या पहिल्यासारख्याच. नजर फरशीवर, बोलणे नाही. शहादेव सवयीप्रमाणे दाराबाहेर थांबला होता.

गोळ्या संपल्या होत्या. रोज घेतल्या का, तर घेतल्या. किती, असे विचारल्यावर छबुबाईंनी बोटाने हवेत मधोमध एक रेघ ओढली.

"अर्धी? अन् बाकीची अर्धी?"

छबुबाईंनी दाराकडे पाहिले. "त्यायला बी झोप न्हाई, म्याडम. फडात निस्ते बसून ऱ्हातेत. मुकादम शिव्या देतो, तरी उठत न्हाईत."

"अहो छबुबाई, गोळी काय भाकर आहे का, वाटून खायला?"

"मी एकली बरी होऊन काय करू? कोयता दोघांचा हाय."

तोडीला नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता मोजतात. प्रशिक्षणात हे नव्हते. वनमालाबाईंनी पेन खाली ठेवले.

शहादेवला आत बोलावून त्याचा केसपेपर काढायचे म्हटल्यावर तो मागे सरकला. बायको येडी म्हटली तर मुकादम चालवून घेतो, गडी येडा निघाला तर जोडीच घेत नाही, असे त्याचे म्हणणे. "मला कायबी झालं न्हाई. मी हिच्यासंगं आलोय."

डॉक्टरांनी चष्मा पुसला. सोबतच्या माणसाला विचारण्याचा नियम आहे, असे सांगून त्याला स्टुलावर बसवले. असा नियम नाही. झोप किती लागते, भूक कशी आहे, काम सुचते का, सगळे विचारले. शहादेव प्रत्येक उत्तर "हिला" म्हणून देत होता. जीव नकोसा वाटतो का, या प्रश्नावर मात्र तो "हिला" म्हणायचे विसरला.

"वाटतंय," म्हणाला.

डॉक्टर त्याच्याशी पाऊण तास बोलत बसले. बाहेरच्या रांगेत लोकांनी दोनदा दार वाजवले. दर खेपेला दोघांनी मिळून यायचे, असे ठरले. छबुबाईंच्या कार्डावर एका गोळीच्या दोन गोळ्या झाल्या.

महिनाअखेरीस वनमालाबाईंनी जिल्ह्याला अहवाल पाठवला. छबुबाईंच्या गावात स्त्री रुग्ण : एक. पुरुष रुग्ण : निरंक.