उंबराचा राहिलेला नवस

"मंडळी, आता तुमच्या डाव्या हाताला..." परसालोइनं सवयीनं सुरुवात केली, आणि मागच्या सीटवरून आईची काठी त्याच्या खांद्यात रुतली.

"मंडळी कोण रे? मी तुझी आई आहे. आणि सिंह मला दाखवतोस? तुझ्या बापाची दोन वासरं यानंच खाल्ली."

"याच्या पणज्यानं, कोको," नात सेनेवा आजीला हसून म्हणाली.

"तोंड तेच आहे मेल्याचं."

बावीस वर्षं परसालोइ या राखीव जंगलात जीप चालवत होता. जगभरच्या लोकांना त्यानं सिंह दाखवले. घरच्यांना आणायची मुभा मात्र वर्षातून एकच दिवस, तीही साहेबांची मर्जी असेल तर. ज्यांना गुरांसकट इथून हाकललं, त्यांना एक दिवस पाहुणे म्हणून आत घ्यायचं, आणि वर त्यांनीच आभार मानायचे! त्याच्या आईनं, नोलारीनं, मानले नव्हते. फाटकावर कुणीतरी "कुठून आलात, आजी?" म्हणून विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "इथूनच."

तिच्या मांडीवर दुधानं भरलेला वाळका, पोकळ भोपळा होता. धार पहाटे तिनंच काढली होती. लग्नाला सात वर्षं होऊनही पदरात मूल नव्हतं, तेव्हा नदीकाठच्या उंबराला गवताची जुडी बांधून ती नवस बोलली होती: पोर दे, त्याला घेऊन दूध घालायला येईन. पोर पोटात राहिलं, आणि ते जन्मायच्या आधीच शिपायांचे ट्रक आले. तिनं स्वतः शेणामातीनं लिंपलेलं घर त्यांनी तिच्यादेखत जाळलं. मग कुंपण आलं, फाटक आलं, नियम आले. सत्तेचाळीस वर्षं नवस तसाच राहिला. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. पुढच्या वर्षी झाड दिसेलच असं नाही.

आणि इथला पहिला नियम: गाडीतून पाय खाली टेकायचा नाही. ड्रायव्हरनं कुणाला उतरू दिलं, तर त्याचा बिल्ला जातो. बिल्ला गेला की गाडी गेली.

उंबराखाली हत्ती फळं खात होते. भोवती सहा जीपा, आणि पलीकडे पहारेकरी वेसोंगाची गाडी.

परसालोइनं वायरलेस हातात घेतला. "खालच्या ओढ्याला बिबट्या दिसला म्हणून सांगतो, येयो," तो आईला म्हणाला. " सगळे तिकडं पळतील, वेसोंगासुद्धा. दहा मिनिटांत उरक."

"चोरासारखी उतरू? माझ्याच दारात?"

"अगं, नोकरी जाईल माझी!"

"जाईल. कळतं मला. नको म्हण, मी दूध घरी नेते, नातीला पाजते. राग धरायची नाही. पण खोटं बोलून नवस फेडायची नाही."

सेनेवा बापाच्या तोंडाकडं बघत राहिली. त्यानं वायरलेस जागेवर ठेवला.

"हत्तींचं खाऊन होऊ दे," तो म्हणाला.

तासाभरानं हत्ती नदीपार गेले. जीपा होत्या तिथंच होत्या. परसालोइनं चारी बाजूंची झुडपं नीट न्याहाळली, खाली उतरला, मागचं दार उघडलं आणि आईला हात दिला.

"परसालोइ! वेड लागलं का तुला?" वेसोंगा धावत आला. "त्या म्हातारीला आत बसव!"

"म्हातारी नाही, माझी आई आहे."

"नियम माहीत नाहीत तुला?"

"नव्या ड्रायव्हरांना मीच शिकवतो. लिहून घे. वेळसुद्धा लिही."

जीपांमधून कॅमेरे वर आले. एका जुन्या ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि मागं वळून आपल्या पाहुण्यांना सांगितलं, "कॅमेरे खाली घ्या. हे तुमच्यासाठी नाही." मग दुसरं इंजिन बंद झालं. मग सगळीच.

नोलारीनं हातानं खोड चाचपलं. गवत उपटून जुडी बांधली. मुलाला शेजारी उभं केलं आणि मुळांवर दूध ओतलं, शेवटच्या थेंबापर्यंत.

"हा बघ," ती झाडाला म्हणाली. "आणला."

फाटकावर वेसोंगानं हात पुढं केला. त्याला वर बघवत नव्हतं. परसालोइनं बिल्ला काढून दिला. बावीस वर्षांच्या उन्हानं शर्ट विटला होता. बिल्ल्याखालचा चौकोन तेवढा हिरवागार होता.

नोलारीला तो दिसला नसावा. तिनं बोटांनी पिनेची दोन भोकं शोधली, आणि तान्ह्या पोराला आशीर्वाद देताना थुंकतात तशी त्यांवर हलकेच थुंकली.