बिजलीबाईच्या पोटातून

मी बिजलीबाईच्या मोठ्या आतड्यातला एक जीवाणू बोलतोय. नाक मुरडू नका. तुमच्याही पोटात माझे भाऊबंद आहेत आणि ते तुमचंच मीठ खातात. आमचं एकेकट्याचं आयुष्य अगदी थोडं, म्हणून मी 'मी' म्हणतो तेव्हा माझं सगळं खानदान बोलत असतं.

बिजलीबाई दारव्ह्याजवळच्या तांड्यावरची. ती रांगती असताना घरच्यांकडूनच मी तिच्यात आलो. तिची धाकटी बहीण अंजू, दिराला दिल्यानं आता तिची जाऊही, तिच्याही पोटात आमचंच घराणं. बिजलीबाईनं ज्वारीची भाकर खावी, तिला न पचलेला चोथा आम्ही खावा आणि त्याच्या बदल्यात आतड्याच्या भिंतीला पोसावं, असा आमचा संसार.

कपाशीवरच्या फवारणीच्या विषानं यवतमाळ जिल्ह्यात माणसं दगावली, त्याच वर्षी तिचं पोट बिघडलं. कळ यायची, आव पडायची, मग रक्तही. तेव्हा डोकं दुखलं तरी लोक फवाऱ्यावर घालायचे. रक्ताचं तिनं कुणाला कळूच दिलं नाही. नवरा धावजी म्हणाला, "फवारा लागला असन तुले. दूध पी, उतरून जाईन."

अंजूचं पोटही अधूनमधून दुखायचं. कधी जुलाब, कधी साफच नाही, कधी नुसतं फुगायचं. तिच्या पोटात आमच्या लोकांचा तोल थोडा ढळला होता, पण भिंत धड होती. तिचं दुखणं आपोआप ओसरत असताना तिनं मेडिकलमधून कॅप्सूल आणून घेतल्या आणि सगळं श्रेय त्यांना दिलं. उरलेल्या कॅप्सूल मायेनं बहिणीपुढे धरल्या.

"घे बाई, मले गुण आला."

दोघींचंही दुखणं पोटाचंच, पण आतून अगदी वेगळं. बिजलीबाईची भिंतच सोलवटली होती. आमच्यासारखे चोथा खाणारे घटले होते आणि एरवी कोपऱ्यात गप बसणारे माजले होते. आम्ही घटलो म्हणून भिंत बिघडली, की भिंत बिघडली म्हणून आम्ही घटलो, हे मोठमोठ्या डॉक्टरांनाही अजून छातीठोकपणे सांगता येत नाही. मलाही नाही. पण बिजलीबाईनं गिळलेल्या त्या जंतू मारणाऱ्या कॅप्सूलनी आमच्यातले उरलेसुरलेही बरेच मेले. फार वाईट दिवस होते ते.

मग वेचणी लागली. बाया ओळीनं कापूस वेचतात. सारखं ओळ सोडून परसाकडे जायचं म्हणजे सगळ्यांच्या डोळ्यांवर येणार. म्हणून बिजलीबाईनं जेवणच सोडलं. काळा चहा पिऊन वावरात जायची. पोटात काही नसेल तर जावंही लागणार नाही, असं तिचं गणित. ती उपाशी, आम्हीही उपाशी. मला तिचा राग यायचा आणि तिच्यासाठी जीव तुटायचाही.

शेवटी ती कपाशीतच चक्कर येऊन पडली. धावजी आणि अंजू तिला यवतमाळच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "रक्त पडतं का?"

"नाही जी."

मी आत तडफडलो. तोंड असतं तर ओरडलो असतो.

डॉक्टरीणबाईंनी तिची पापणी ओढून पाहिली. आत पांढरंफटक. त्यांनी धावजीला बाहेर थांबायला सांगितलं आणि पुन्हा तेच विचारलं. बिजलीबाई पदराचं टोक पिळत बसली. मग म्हणाली, "पडते. दिवाळीच्या आंधीपासून."

अंजूला रडूच फुटलं. "मले काहून नाही सांगतलं, बाई?"

"तू आपल्या गोळ्या देल्या होत्या. गुण नाही आला म्हनलं असतं तं तुले वाईट वाटलं असतं."

दुर्बिणीतून आतड्यातले व्रण दिसले. फवाराही नव्हे आणि अंजूचं दुखणंही नव्हे. औषध सुरू झालं. आता भिंत हळूहळू भरून येतेय, थोडीथोडी भाकर पुन्हा खाली येतेय आणि आम्ही मूठभर उरलेले कामाला लागलोय. हा आजार परत डोकं वर काढू शकतो, याची मला धास्ती आहे.

बिजलीबाई, बहिणीचं मन दुखू नये म्हणून तू स्वतःचं रक्त लपवलंस. एवढी माया आम्हाला झेपत नाही गं. पुन्हा दुखलं तर सांग. आम्हाला तोंड नाही, तुला आहे.