एकशेदोन नंबरचा कोप

उषाबाईंच्या घरी मंगळवार म्हणजे दळण करायचा दिवस. केदारखेड्यातली निम्मी घरं आता तयार पिठाची पुडकी आणतात, पण उषाबाईंना ते पटत नाही. पाय पसरून त्या ओसरीत गहू निवडत होत्या आणि समोर सून तृप्ती ज्वारी पाखडत होती.

"नीट बघ गं. खडा राह्यला तर दात माझा पडंल. मोजकेच उरलेत."

"चष्मा तुमच्या नाकावर हाय आत्याबाई, अन् खडे मी शोधू?"

"चष्मा मी तुझ्यावर ध्यान ठेवायला घातलाय."

दोघी हसत होत्या, तेवढ्यात सहा वर्षांची अर्पिता देवळातून पोट खाजवतच आली. आरतीचा प्रसाद खाऊन तिला तास झाला नव्हता. तृप्तीने फ्रॉक वर केला. पोटावर, मांड्यांवर लालभडक गांधी उठल्या होत्या. खालचा ओठ सुजून टरारला होता. यंदापासून मंगळवारी देवळात केशरी बुंदी वाटायला लागले, तेव्हापासून हे तिसऱ्यांदा.

पोरीच्या मागोमाग भुजंगराव आले. उषाबाईंचे धाकटे दीर. देवीची पूजा त्यांच्याकडे. सुनेकडे न बघता ते म्हणाले, "वैनी, आता काही लपून राह्यलं न्हाई. प्रसाद पोटात गेला की लेकराच्या अंगावर फुटतो. शुक्रवारी कौल लावू."

तृप्तीच्या हातातलं सूप कलंडलं.

या भावकीत लेकराला प्रसाद सोसला नाही की दोष आईचा. मग देवीच्या दोन्ही खांद्यांवर गव्हाचे दाणे चिकटवायचे. डावा आधी पडला तर आईने लेकरू सासरी ठेवून माहेरी जाऊन बसायचं. पुढल्या वर्षी पुन्हा कौल. उजवा पडेपर्यंत परत यायचं नाही. बापाचा दोष कसा निघतो, ते कधी कुणी विचारलं नव्हतं, कारण तो निघतच नव्हता.

भुजंगराव निघून गेले तरी उषाबाई खाली बघून गहूच निवडत राहिल्या. गावात त्यांच्या जिभेला लोक टरकून असत. सरपंचाला त्यांनी भर ग्रामसभेत "तुझ्या नळाला पाणी अन् आमच्या नळाला वारा, हा कुठला हिशेब?" असं विचारलं होतं. पण याच कौलापुढे ती जीभ एकदा गप्प बसली होती. तीस वर्षांपूर्वी भुजंगरावांची बायको प्रभावती अशीच माहेरी गेली. लेकरू दारात रडत होतं आणि तिचं गाठोडं बांधून दिलं होतं उषाबाईंनी. उजवा दाणा काही पडला नाही. पुढे पुढे कौल लावायचंही राहून गेलं.

"मी कुठं चुकले आत्याबाई?" तृप्तीने विचारलं. "उपास केले. ओटी भरली. आता कोणतं राह्यलं?"

तृप्तीच्या मांडीवर पडलेली अर्पिता पुटपुटली, "आजी, वरददादाच्या वाढदिवसालापण असंच खाजवल्तं."

वरद हा तृप्तीच्या बहिणीचा मुलगा, नवीन जालन्यात राहणारा.

"तिथं काय खाल्लं गं तू?"

"केशरी जेली. दोन."

उषाबाई ताठ बसल्या. "जालन्याच्या त्या फ्लॅटात कोणती देवी आल्ती गं तृप्ते?"

संध्याकाळी उषाबाईंचा मुलगा कल्याण जालन्याहून आला. बियाण्याच्या कंपनीत कारकून. घरात शब्द कमी. "काकांचं मोडायचं कसं, माय? भावकी हाय आपली."

"मोडायचं मी बघते. उद्या लेकीला डॉक्टरकडं न्यायचंय. गांधी तुला दिसून राह्यल्या का भावकीच दिसून राह्यली?"

कल्याणने दुसऱ्या दिवसाची रजा टाकली.

भोकरदनच्या डॉक्टरने पोरीला तपासलं, काय काय खाल्लं ते दोनदा विचारलं. मग म्हणाला, "आजी, पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात सगळं लिहिलेलं असतं. रंगाचं नाव नसेल तर नंबर असतो. शंभराच्या घरातले नंबर रंगांचे. दोनशेचे बहुतेक माल टिकवायचे. चारशेचे घट्टपणासाठी, सहाशेचे चवीसाठी."

"म्हंजे नंबर दिसला की इख समजायचं?"

"बिलकुल नाही. नंबर हे नुसतं नाव. शंभर म्हणजे हळदीतला रंग. तीनशेतीस म्हणजे लिंबातला आंबटपणा. एकशेदोन आणि एकशेदहा हे पिवळे-केशरी रंग. कायद्याने चालतात, शेकड्यांनी लोक खातात. पण एखाद्या लेकराला सोसत नाहीत. हिचा ओठ सुजतोय, उद्या श्वास अडेल. बघू बरं म्हणून पुन्हा देऊ नका." त्याने दोन्ही नंबर कागदावर मोठे लिहून दिले.

उषाबाईंची शाळा दुसरीतच सुटलेली. अक्षरांची ओळख केव्हाच पुसली होती; आकडे मात्र विजेच्या मीटरने आणि मोबाइलने पक्के केले होते. गावात आल्या आल्या त्या मच्छिंद्रच्या किराणा दुकानात शिरल्या. देवळातल्या बुंदीचं तयार पीठ तिथूनच जायचं. पाकीट उलटं धरून त्यांनी चष्मा वर-खाली केला. मुंग्यांच्या रांगेसारख्या त्या अक्षरांत त्यांना काहीच कळेना. मग कंसातले दोन आकडे दिसले. कागद शेजारी धरून त्यांनी एकेक आकडा बोटाने ताडून पाहिला. एक, शून्य, दोन. एक, एक, शून्य.

"काकू, चांगला खपतो माल," मच्छिंद्र म्हणाला. "तक्रार न्हाई कुणाची."

"तक्रार होती रे. आम्ही ती देवीच्या नावावर खपवली."

शुक्रवारी देऊळ भरलं. वाटूरला तृप्तीच्या माहेरी जायला जीपसुद्धा सांगून ठेवलेली होती. कौल काय लागणार, हे जणू आधीच ठरलं होतं. भुजंगरावांनी गव्हाचे दाणे ओले केले आणि उषाबाई बुंदीच्या पिठाचं पाकीट घेऊन गाभाऱ्याच्या उंबऱ्यात आडव्या उभ्या राहिल्या.

"भाऊजी, दाणे खाली ठेवा. आधी हे वाचा."

"वैनी, ही बाजारातली पिशवी देवीपुढं?"

"प्रसाद याच पिशवीतून येतो. मंग पिशवीला कसली लाज?" त्यांनी पाकिटावर बोट ठेवलं. "एकशेदोन. एकशेदहा. डॉक्टरनं लिहून दिलंय, माझ्या नातीला हे रंग सोसत न्हाईत. जालन्यात जेली खाल्ली तरी गांधी उठल्या. मंग जालन्यात तृप्तीनं कोणत्या देवीचा नवस चुकवल्ता?"

मागून कुणीतरी म्हणालं, "अक्षर येत न्हाई अन् पाकिटं वाचायला लागली."

"न्हाई येत. पण तुला येतं ना? मंग तू कवा वाचलंस?"

भुजंगरावांचा चेहरा तांबडा झाला. "आम्ही सगळे खातो, आम्हाला काही होत न्हाई. रंगाचाच दोष हाय म्हणता, तर लेकराला आत्ता चार दाणे बुंदी द्या. सगळ्यांदेखत होऊन जाऊ द्या."

अर्पिता आईला बिलगली. उषाबाईंनी आवाज खाली आणला.

"माझं खरं का तुमचं खरं, हे पाह्यला लेकराच्या नरड्यात घास कोंबायचा? तसं जिंकून मला काही नको. बुंदी द्यायची न्हाई, कौल लावायचा न्हाई, अन् सून माझ्या घरातून जायची न्हाई. जीपवाल्याला परत पाठवा."

"भावकी तुमच्या दारात पाय ठेवणार न्हाई."

"ओसरी झाडायचं काम तेवढं कमी."

भुजंगराव कल्याणकडे वळले. "तू बोल. तुझी बायको हाय."

कल्याणने घसा साफ केला. आयुष्यात तो देवळात मोठ्याने बोलला नव्हता. "तृप्ती कुठं जाणार न्हाई काका," तो म्हणाला, आणि अर्पिताला त्याने कडेवर उचलून घेतलं.

भुजंगराव हातातल्या ओल्या गव्हाकडे बघत राहिले. त्यांचं काय अडलं आहे, ते उषाबाईंना कळत होतं. आज हा कौल खोटा म्हणायचा, तर तीस वर्षांपूर्वीचाही म्हणावा लागणार.

"प्रभावतीच्या येळेला..." भुजंगराव म्हणाले आणि थांबले.

"तवा लेकराला काय झाल्तं, मला ठावं न्हाई. ना डॉक्टरला दाखवलं, ना त्यानं काय खाल्लं ते विचारलं. गहू मात्र चिकटवले." उषाबाईंनी पदराने चष्म्याची काच पुसली, पण ती पुन्हा धूसर झाली. "तिचं गाठोडं माझ्या हातानं बांधल्तं भाऊजी. गाठ सुटू नये म्हणून दोनदा आवळल्ती. रविवारी मी तिच्या दारात जाऊन बसणार हाय. ती आत घेईल, न्हाईतर हाकलून देईल. तिचा हक्क हाय. तुम्ही येणार असाल तर सकाळी लवकर निघा. अन् तिच्यापुढं देवीचं नाव काढू नका. आपण काय केलं, तेवढंच सांगा."