भात्यात राहिलेली ओळ

मित्रांनो, दोन लाकडी फळ्या, त्यांच्यामध्ये चुण्याचुण्यांचं कातडं आणि पुढे लोखंडी नळी, एवढाच माझा संसार. मी लोहाराचा जुना भाता. दोरी ओढली की माझं पोट फुगतं, सोडली की वारा भट्टीत जातो. आला वारा पुढे पाठवायचा, जवळ काही ठेवायचं नाही. तरी एकदा लोकांची खात्री पटली होती, की देवाचा पत्ता माझ्याच पोटात आहे!

मला शिवणाऱ्या लोहाराला सगळे बुवा म्हणत. माझं कातडं त्यांनी तेल पाजून पाजून लोण्यासारखं मऊ केलं होतं. घणाच्या ठेक्यावर ते गाणी रचत. ती ऐकायला पाणी वाहणाऱ्या बाया येत, विणकर येत, टोपल्या विणणारा बुरूड तर रोजचाच. शंका घेऊन येणाऱ्याला बुवांचा एकच नियम होता. आधी भाता ओढायचा. लोखंड लाल होईपर्यंत तोंड उघडायचं नाही.

"बुवा, माझी शंका फार मोठी आहे हो," बुरूड म्हणायचा.

"असं? मग लोखंडही मोठं घेऊ!"

ओढता ओढता निम्म्या शंका घामाबरोबरच गळून जात. मला मात्र नवल वाटे. हा माणूस बोलतो ते येतं कुठून? आगीतून, की घणातून?

एके दिवशी माझी दोरी ओढत बुवा गाऊ लागले,

"आग कुठे होती बाई? कोळशाच्या पोटात.
कोळसा कुठे होता? हिरव्या पानाच्या देठात.
आणि देवा, तू रे कुठे होतास?"

एवढं विचारून ते स्वतःशीच हसले, लांब श्वास घेतला, आणि दोरी हातात असतानाच त्यांची मान कलली. ती पुन्हा वर झाली नाही.

रडणं ओसरल्यावर बुरूड म्हणाला, "मी डोळ्यांनी पाहिलं. पुढची ओळ बुवांच्या ओठांवर आली होती. ती वाऱ्याबरोबर भात्यात गेली!" त्याने लगबगीने माझ्या नळीच्या तोंडाला फडकं बांधलं. मला उंच फळीवर बसवलं, माझ्यावर फुलं वाहिली. माणसं येत आणि माझ्या पोटाला कान लावत. कुणाला नदी ऐकू येई, कुणाला गेलेली आई. खरं सांगू? मीही कान देऊन बसलो होतो. आपल्याच पोटात काय आहे, हे आपल्याला कुठे ठाऊक असतं?

पण तेल कुणी देईना. पूजेतल्या भात्याला तेल कशाला, म्हणे! फुलांखाली माझं कातडं वाळलं. चुणीचुणीला भेगा पडल्या. मान एवढा मोठा, की जीव जायची पाळी आली.

बुवांची लेक बापाबरोबर घण मारत मोठी झालेली. ती फुंकणीने भट्टी पेटवायची. पण फुंकणीच्या वाऱ्याने लोखंड कुठलं तापणार? गिऱ्हाइकं दुसरीकडे वळू लागली. बापाची आग आपल्या हातून विझणार, हे तिला दिसत होतं. एका सकाळी तिने माझ्या भेगांवरून बोट फिरवलं आणि बुरुडाकडे वळली.

"काका, भाता द्या."

"पोरी, त्यात तुझ्या बापाची ओळ आहे. फडकं सोडलंस तर उडून जाईल गं."

"आणि कातडं फाटल्यावर कुठे राहील?"

बुरुडाने फडक्याची गाठ चाचपली.

"बाबांचा नियम काय होता, काका? आधी ओढायचं, मग विचारायचं. तुम्ही ओढायचं सोडलंत आणि नुसते कान लावून बसलात."

"ओढताना काही ऐकू आलं तर?"

"तर मलाही सांगा," ती हळूच म्हणाली. "बाप माझाच होता."

तिने दिवसभर मला तेल चोळलं, भेगांवर ठिगळं शिवली. मग सगळ्यांसमोर फडकं सोडलं. दोरी बुरुडाच्या हातात दिली. सगळे श्वास रोखून उभे. बुरुडाने दोरी ओढून सोडली, आणि मी खोकलो! धूळ उडाली, सुकलेल्या पाकळ्या निखाऱ्यांवर पडल्या. ओळबिळ काही आली नाही. बुरुडाचे डोळे भरले, हात थांबला.

"थांबू नका काका, निखारा विझतोय!"

तो ओढू लागला. कोळसा आतून उजळला. बुरुडाला घाम फुटला, धाप लागली, पागोटं सुटून खांद्यावर आलं. ऐकायचं आहे हेच तो विसरला आणि एकदम ओरडला, "लाल झालं गं! लाल झालं! हाण!"

ऐरणीवर घण पडला.

ती ओळ माझ्यात होती का, मला अजून ठाऊक नाही. पण मित्रांनो, आवडत्या माणसाची वस्तू मागे उरली, तर तिच्यापुढे नुसते हात जोडू नका. तिला हात लावा, तेल द्या, कामाला जुंपा. आता बुरूडकाका दम खायला बसलेत, भट्टीत लोखंड आहे आणि माझी दोरी मोकळी आहे. या, ओढा.