सोमवार ते सोमवार

"चौदाच होतात, मॅडम," फोनवरचा कारकून तिसऱ्यांदा म्हणाला. "कायद्यात पंधरा दिवस आहेत. दुसरा अर्ज बाद."

"अहो, सोमवार ते सोमवार आठ, पुढचा सोमवार पंधरा! तुमची आई कसं मोजते?" नर्स साबेला कडाडली.

"आई आमच्या खात्यात नाही. आज मंगळवार, आज सही चालेल. बाद झालेली प्रत तेवढी परत पाठवा."

साबेलानं फोन आदळला. स्पेनमधला हा सगळा गालिसिया प्रांत पहिला दिवस धरूनच मोजतो. तिनंही तसंच मोजलं होतं. चूक तिची, आणि भोगणार एव्हारिस्तो. चाळीस वर्षं खाडीतल्या तराफ्यांवर शिंपले वाढवायचे दोर ओढलेले त्याचे हात आजारानं बोटाबोटानं नेले होते. आता श्वासाची पाळी होती. डॉक्टरांच्या मदतीनं मरण मागायचं तर दोन लेखी अर्ज, मध्ये पंधरा दिवस. सही स्वतःच्या हातानं करायची, एवढाच त्याचा हट्ट. काल नाव पुरं करायला त्याला अकरा मिनिटं लागली होती.

"मरणाला तारीख वाढवून मिळाली म्हण की, पोरी!" ऐकून एव्हारिस्तो हसला आणि हसता हसता धापला.

"चुकले मी, काका."

"तू कसली चुकतेस! कायदा करणारे कधी बाजाराला गेले नसतील."

चुलीपाशी दोसिंदानं पातेलं आपटलं. त्यानं पहिली सही केल्यापासून ती नवऱ्याशी भांड्यांच्या आवाजातच बोलत होती. "देवानंच अडवलंय. आता गप सूप पी."

"देवाला कुठं मोजता येतंय? आण पेन."

पेन दोनदा गळून पडलं. तिसऱ्यांदा कागदावर एक वाकडी रेघ उमटली आणि हात मांडीवर पडला. तो हाताकडे बघत राहिला, परक्याच्या हाताकडे बघावं तसा.

"काका, दुसऱ्या कुणी सही केली तरी चालते," साबेला हळूच म्हणाली. "शेजारून कुणाला तरी..."

"शेजारचे कशाला?" दोसिंदा उसळली. "नावेचा परवाना, विमा, पेन्शन, याचे सगळे कागद मीच भरले. कुठला रकाना कशाचा, हे या माणसाला जन्मात कळलं नाही!" तिनं ॲप्रनला हात पुसले, दोन्ही बाजूंनी. "कुठं करू?"

साबेलानं नव्या कागदावर बोट ठेवलं. दोसिंदानं लिहिलं, 'नवऱ्याचे हात चालत नाहीत म्हणून', आणि खाली आपलं नाव.

"अक्षर अजून शाळेतलंच आहे तुझं," एव्हारिस्तो पुटपुटला.

"गप बस." तिनं तोंड फिरवलं.

फाइलमधून कालची प्रत डोकावत होती. त्यावर त्याचं पूर्ण नाव होतं, खाली घसरत गेलेलं, पण पूर्ण.

"हा बाद ना?" दोसिंदानं विचारलं.

"हो. परत पाठवायचाय."

दोसिंदानं तो कागद उपसून घेतला, ठेवणीतल्या मेजपोसाच्या घडीत सपाट सरकवला आणि ड्रॉवर लावून ती सूप ढवळायला गेली.

गाडीत बसल्यावर साबेलानं बाद अर्जाच्या परतीच्या रकान्यात लिहिलं: मूळ प्रत गहाळ.