शनी भट्टीत शिरतो

बेकरीसमोर एवढी गर्दी कधी पावासाठीसुद्धा झाली नव्हती. आत टेबलावर ग्रहबाबांनी सूर्यमाला मांडली होती. मधे पिवळा चेंडू, भोवती रंगीत गोळ्या. बेकरीवाला समोर बसताच काळी गोळी, कुणाचा हात न लागता, घरंगळत त्याच्याकडे निघाली.

"शनी," बाबा डोळे मिटून म्हणाले. "थेट तुझ्या भट्टीत शिरतोय. भट्टी विझव, दुकान माझ्या ताब्यात दे. मी त्याला आतच कोंडून ठेवतो."

बेकरीवाल्याने किल्ल्या काढल्यासुद्धा. वीस वर्षांत त्याची भट्टी एक दिवस थंड पडली नव्हती.

माझी आत्या शिवणकाम करते. गळ्यात टेप, हातात टाचण्यांची डबी घेऊन ती पुढे झाली.

"बाबा, शनी सूर्यापासून किती लांब असतो?"

"दीड वीत," बाबा टेबलाकडे बघून म्हणाले.

"माप चुकलंय." आत्याने पिशवीतून लोकरीचा गुंडा काढला आणि ती माझ्याकडे वळली. "तू शाळेत विज्ञान शिकवतोस ना? सूर्य या गुंड्याएवढा धर आणि सांग."

गुंडा वीतभर होता. मी पावाच्या कागदावर आकडेमोड केली. पृथ्वी म्हणजे टाचणीचं डोकं, साधारण एकवीस मीटरवर. शनी म्हणजे कोटाचं बटण, दोनशे मीटरच्याही पुढे.

गुंडा दारात ठेवून आत्या टेपने रस्ता मोजत निघाली. मागे सगळी गर्दी. एकवीस मीटरवर टाचणी ठेवून तिच्यापाशी बेकरीवाल्याला उकिडवं बसवलं आणि आम्ही बटण घेऊन पार टपालपेटीच्या पलीकडे गेलो.

"दिसतंय का बटण?" आत्याने हाक मारली.

"टपालपेटीच धड दिसत नाही."

"मग ते तुझ्या भट्टीत शिरणार कसं?"

लोक हसत बेकरीत परतले. बाबा मात्र टेबलाला चिकटूनच बसले होते. "पण गोळी चालली, ती सगळ्यांनी पाहिली ना?"

आत्याने टेबलावर डबी उपडी केली. टाचण्या सरसर सरकल्या आणि टेबलाच्या फळीवर, बरोबर बाबांच्या गुडघ्याच्या वर, गोळा झाल्या. बाबांनी पाय हलवला, टाचण्याही हलल्या. गुडघ्याला बांधलेलं लोहचुंबक बेकरीवाल्यानेच ओढून काढलं. लाकडी गोळ्यांत एकटा शनी लोखंडाचा होता.

बाबांनी काढता पाय घेतला. बेकरीवाला भट्टीत लाकडं सारताना पुटपुटला, "मी किल्ल्या देत होतो."

मी वर्गात हे सांगतो तेव्हा एवढंच म्हणतो : कुणी ग्रहाची भीती घातली, तर घाबरण्याआधी अंतर विचारा. आणि टेबलाखाली वाकून बघायला लाजू नका.